तयारी आणि अधिकार

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला माझी धाकटी बहीण निपाणीला आली, तेव्हा तिच्याबरोबर तिचा मुलगाही आला होता. गेली वीस-बावीस वर्षे तो अमेरिकेत, टेक्सास राज्यात स्थायिक आहे. ओवाळणी झाली, जेवणे झाली, आणि पानसुपारीच्या वेळी तो माझ्याजवळ सरकून म्हणाला, "मामा, पणजोबांचा तो काडतुसांचा पट्टा अजून आहे का हो?"

पट्टा होता. माजघरातल्या खुंटीला तो माझ्या जन्मापूर्वीपासून लटकलेला आहे. अथणीच्या एका कारागिराने शिवलेला, म्हशीच्या कमावलेल्या कातड्याचा, चोवीस घरांचा पट्टा. बंदूक आजोबांच्या हयातीतच सरकारजमा झाली. पट्टा मागे राहिला. मी तो काढून त्याच्या हाती दिला. त्याने बोटांनी एकेक घर चाचपून पाहिले आणि म्हणाला, "हा मला न्यायचाय. येत्या जून महिन्यात मी दक्षिण आफ्रिकेत शिकारीला जातोय. रानरेड्याच्या."

मी काही बोललो नाही. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्याने आपल्या परीने लावला असावा, कारण पुढचा तासभर तो मला आपल्या तयारीविषयी सांगत होता. ती ऐकताना माझ्या मनात जो प्रश्न उभा राहिला, तोच या लेखाचा विषय आहे. एखादे कृत्य करण्याची उत्तम, निर्दोष तयारी केली, म्हणजे ते कृत्य करण्याचा अधिकार माणसाला प्राप्त होतो काय?

प्रथम त्या तयारीविषयी सांगितले पाहिजे, कारण ती हेटाळणी करण्यासारखी मुळीच नव्हती. आफ्रिकी रानरेडा हे सहाशे-सातशे किलो वजनाचे जनावर. कळपात असताना ते बहुधा माणसाला टाळते. पण जखमी झाले की दाट झुडपात शिरते, आणि माग काढीत येणाऱ्या माणसाची वाट पाहत उभे राहते, अशी त्याची ख्याती आहे. त्यासाठी हलकी रायफल चालत नाही. आफ्रिकेतील काही देशांत अशा धोकादायक श्वापदांसाठी रायफलीचा किमान व्यासच कायद्याने ठरवून दिलेला आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी ०.३७५ इंच आहे. भाच्याने घेतलेले काडतूस त्याच मापाचे. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कारखान्याने १९१२ साली बाजारात आणलेले. शंभर-सव्वाशे वर्षांत बंदुकीच्या विद्येत इतकी उलथापालथ झाली, तरी हे काडतूस टिकून आहे.

गोळ्याही दोन प्रकारच्या. पहिली मऊ तोंडाची, जी शरीरात शिरल्यावर फुलते आणि आतच राहून खोल जखम करते. तिच्यामागून लागल्या तर सबंध धातूच्या कठीण गोळ्या, ज्या जाड हाड फोडूनही सरळ रेषेत जातात. या सगळ्या एकाच खेपेत तयार झालेल्या असाव्यात, नाही तर नेमात फरक पडतो. शंभर यार्डांवर रायफलीचा नेम पक्का करून घ्यायचा. मग मेजावर रायफल टेकवून सराव करणे सोडून द्यायचे, कारण रानात मेज नसते. तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर रायफल ठेवून, उभ्याने, धाप लागलेली असताना गोळी झाडण्याचा सराव करायचा. तो गेले आठ महिने दर शनिवारी हा सराव करीत होता. रेड्याचे हृदय आपण समजतो त्याहून खाली, पुढच्या पायाच्या रेषेत असते, म्हणून त्याने प्राण्याच्या शरीररचनेचे तक्ते भिंतीला लावले होते.

प्रवासाची तयारी तर माझ्यासारख्या जुन्या कारकुनी जिवाला मोहात पाडील अशी. रायफल रिकामी करून, कुलूपबंद कठीण पेटीत. काडतुसे वेगळ्या पेटीत, आणि विमान कंपन्या बहुधा पाच किलोंहून अधिक काडतुसे नेऊ देत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत रायफल तात्पुरती आणण्याच्या परवान्याचा अर्ज काळ्या शाईने भरायचा, पण त्यावर सही करायची नाही. ती विमानतळावरच्या पोलीस अधिकाऱ्यासमोरच करायची. रायफलीवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. हिवतापाच्या गोळ्या, पायात भिनलेले जुने बूट, जून महिनाच का, तर तो तिकडचा हिवाळा. गवत वाळलेले, पाणी आटलेले, जनावरे पाणवठ्याच्या आसपास. आणि तिथे पोचल्यावर पहिले काम म्हणजे पुन्हा नेम तपासणे, कारण विमानातल्या धक्क्यांनी दुर्बीण केसभर सरकली असली तरी शंभर यार्डांवर त्याचे अंतर वाढते.

"एवढे सगळे कशासाठी?" मी विचारले.

तो म्हणाला, "एका गोळीत जनावर पडावे म्हणून, मामा. त्याला यातना होऊ नयेत म्हणून."

हे उत्तर खोटे नव्हते. २०१५ साली झिंबाब्वेत सेसिल नावाच्या सिंहाची शिकार झाली आणि जगभर गहजब उडाला. त्या सिंहाला प्रथम बाण लागला आणि तो मेला कित्येक तासांनंतर. माझ्या भाच्यासारख्या काळजीवाहू शिकाऱ्यांना त्या प्रकरणाची लाजच वाटते. म्हणजे तयारीला नैतिक मूल्य आहे, हे मान्य केलेच पाहिजे. ज्याला मारायचेच आहे, त्याने नीट मारावे. अर्धवट तयारीने हत्यार उचलणारा माणूस हा आळशी तर असतोच, पण क्रूरही असतो.

परंतु येथेच मला माझ्या नोकरीतला एक जुना धडा आठवला. मी महसूल खात्यात तीस-बत्तीस वर्षे काढली. त्या काळात अशा कितीतरी फाइली माझ्या हातून गेल्या, ज्यांत एकही कागद कमी नव्हता. नोटीस बजावलेली, पंचनामा केलेला, हरकतींची मुदत संपलेली, शिक्का जागच्या जागी. आणि तरीही त्या फाइलीच्या शेवटी जो हुकूम व्हायचा होता, त्याने एखाद्या विधवेच्या पायाखालची जमीन जाणार होती. मी सही करी, कारण कागद पूर्ण होते. पुष्कळ वर्षांनी मला कळले, की कागद पूर्ण असणे आणि निर्णय योग्य असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या गोष्टीचे समाधान दुसऱ्या गोष्टीचा विचार करू देत नाही. माणूस तयारीत इतका गुंततो, की ती कशाची तयारी आहे हे विचारायला त्याला सवडच राहत नाही. 'कसे' हा प्रश्न चोख सुटला, की 'का' हा प्रश्न सुटल्याचा भास होतो.

आपल्या परंपरेने हा 'का' कधी टाळलेला नाही. मनुस्मृतीत राजाच्या कामज व्यसनांची यादी आहे, तीत मृगयेचे नाव पहिले आहे. उलट कौटिल्याने मृगयेची बाजूही मांडली आहे : व्यायाम होतो, मेद झडतो, चल आणि स्थिर लक्ष्यावर नेम बसतो, आणि राग व भीती यांनी घेरलेल्या प्राण्याचे मन ओळखता येते. हा शेवटचा लाभ मला फार महत्त्वाचा वाटतो. प्राण्याचे मन ओळखण्यासाठी त्याला मारावेच लागते का, हे मात्र कौटिल्य सांगत नाही.

महाभारताच्या आदिपर्वात पंडू आणि किंदम ऋषी यांची कथा आहे. मृगरूपाने समागमात असलेल्या ऋषीला पंडूने बाण मारला. शाप ऐकताना पंडू स्वतःचा बचाव करतो, की मृगांना उघडपणे किंवा कपटाने मारणे हा राजधर्मच आहे. ऋषीचे उत्तर विचार करायला लावते. मृग मारल्याबद्दल मी तुला दोष देत नाही, असा त्याचा आशय आहे. पण तू थोडा थांबायला हवे होतेस. म्हणजे परवाना होता, नेम अचूक होता, आयुधे उत्तम होती. उणे होते ते एवढेच, की समोरच्या जिवाचे त्या घटकेला काय चालले आहे, याकडे पाहिले गेले नाही. तयारी नेहमी आपल्या बाजूची असते. समोरच्याच्या बाजूचे काहीही तिच्यात धरलेले नसते.

माझ्या आजोबांची हकीकत मी भाच्याला त्या रात्री प्रथमच सांगितली. आजोबा बारा बोअरची दुनळी घेऊन खानापूर-चंदगडच्या रानात जात. त्यांचा एक नियम होता : जखमी जनावर टाकून घरी यायचे नाही. पन्नासच्या दशकात केव्हातरी त्यांनी संध्याकाळच्या उजेडात एका सांबराच्या मादीवर बार टाकला. ती पडली नाही. दोन दिवस ते आणि गावातला एक माहीतगार रक्ताचा माग काढीत फिरले. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि माग धुऊन गेला. आजोबा घरी आले, बंदूक साफ केली, तेल दिले, कोपऱ्यात ठेवली, आणि पुन्हा कधी हाती घेतली नाही. त्याविषयी ते बोलत नसत. आजी सांगे, की पहिला पाऊस आला की ते त्या दिवशी जेवत नसत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा त्यांच्या दृष्टीने तो वीस वर्षे उशिरा आला होता.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने जे म्हटले, त्याने मी अडचणीत आलो. तो म्हणाला, "मामा, पणजोबांनी बंदूक ठेवली हे ठीक, पण त्यामुळे सांबरे वाचली का? रान कुणी राखले?" आणि त्याने नामिबियाचे उदाहरण दिले. तिथे १९९६ च्या कायद्याने गावकऱ्यांच्या संस्थांना आपल्या परिसरातील वन्यप्राण्यांवर हक्क मिळाले. परदेशी शिकाऱ्यांचे शुल्क त्या संस्थांकडे जाते, मांस गावाला मिळते, आणि प्राणी जिवंत राहण्यात गावाचा स्वार्थ निर्माण होतो. उलट केनियाने १९७७ पासून शिकार बंद केली, पण त्यानंतरही तिथले वन्यप्राणी घटतच गेले. बोट्स्वानाने २०१४ मध्ये बंदी घातली आणि २०१९ मध्ये ती उठवली. "बंदी घालणे सोपे, मामा. राखणे अवघड."

हा युक्तिवाद मी झटकून टाकू शकत नाही, कारण त्याचा पुरावा आपल्या दाराशीच आहे. ज्या दाजीपूरच्या रानात आज आपण गवे पाहायला जातो, ते कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान होते. इतरांना तिथे मज्जाव होता म्हणूनच ते उरले, आणि १९५८ साली त्याचे अभयारण्य होऊ शकले. शिकाऱ्याने आपल्या हौसेसाठी राखलेले रान गव्यांच्या कामी आले.

पण याच कोल्हापूरची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. काळवीट धरण्यासाठी चित्ते पाळण्याची तिथे मोठी परंपरा होती. रायबाग तेव्हा कोल्हापूर संस्थानातच होते. १९४९ च्या विलीनीकरणानंतर ते आपल्या बेळगाव जिल्ह्यात आले. देशी चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा संस्थानाने थेट आफ्रिकेतून चित्ते मागवले. म्हणजे आपण आफ्रिकेत शिकारीला जाण्याऐवजी आफ्रिकाच आपल्याकडे शिकारीला आणली. ती तयारीही किती चोख असेल याची कल्पना करावी : बोटीचा प्रवास, पिंजरे, खाणे, डोळ्यांवरची टोपी, चित्तेवानांच्या कसबी हातांनी दिलेले शिक्षण. त्या सगळ्या निगुतीत, आपले स्वतःचे चित्ते का संपले, हे विचारायला किती जणांना सवड झाली असेल? १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून आणि २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून चित्ते पुन्हा विमानाने आले आणि मध्य प्रदेशात कुनोच्या रानात सोडले गेले. तोच प्राणी, तीच दिशा, तशीच जय्यत तयारी. पण प्रश्न निराळा. पहिल्या वेळी माणसाने विचारले होते, हा माझ्या काय उपयोगाचा? दुसऱ्या वेळी, निदान तत्त्वतः तरी, विचारले गेले, याच्याशिवाय या भूमीत काय उणे आहे?

तेव्हा दोन्ही बाजूंचे पुरावे आपल्याच परसात आहेत, आणि त्यांच्या बेरजेवरून मला निकाल देता येत नाही. शिकारीच्या शुल्काने रान राखले जात असेल, तर ती त्या देशाची व्यवस्था झाली. तिचा हिशेब तिथल्या लोकांनी करावा. घरी बसून त्यांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. परंतु तो हिशेब माझ्या भाच्याच्या इच्छेचे उत्तर होऊ शकत नाही. गावाला मदतच करायची तर पैसे पाठवता येतात. तो काही गावाला मदत करायला जात नाही; तो रेडा मारायला जातो, आणि त्याचा गावाला उपयोग होतो. परिणाम चांगला झाला म्हणून हेतू चांगला होता असे म्हणता येत नाही, जसा परिणाम वाईट झाला म्हणून हेतू वाईट होता असेही म्हणता येत नाही.

हे मी त्याला म्हटले. तेव्हा त्याने शांतपणे विचारले, "आणि आपल्या शेतातले डुक्कर, मामा?"

हा प्रश्न मात्र वर्मी लागला. आमच्या उसाला रानडुकरांचा उपद्रव आहे. चंदगड-आजऱ्याकडे तर गवे आणि हत्तीही पिकात उतरतात. पीक-संरक्षणाच्या बंदुकीसाठी आलेल्या अर्जांवर नोकरीत असताना माझेच अहवाल जात. निवडणुकीच्या आधी त्या ठासणीच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होत. चिठ्ठ्या बांधून भिंतीशी ओळीने उभ्या केलेल्या त्या बंदुका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या नळीतून धड गोळी सरळ जाईल की नाही अशी शंका यावी. ज्यांच्याकडे बंदूक नाही ते कुंपणात विजेची तार सोडतात, फास लावतात, पिठात स्फोटक भरून ठेवतात. त्याने जबडा उडालेले डुक्कर तीन-तीन दिवस ओढ्याकाठी तडफडत असते. तिथे नेम नाही, शरीररचनेचा तक्ता नाही, एका गोळीची प्रतिज्ञा नाही. आपण साखर खातो, आणि ते तडफडणे आपल्या चहात विरघळते. मग आठ महिने सराव करणाऱ्या त्या मुलाला दोष देणारा मी कोण?

वनपर्वातल्या धर्मव्याधाची आठवण येथे अपरिहार्य आहे. मिथिलेच्या बाजारात तो डुकराचे आणि रेड्याचे मांस विकतो. स्वतः मारीत नाही, स्वतः खात नाही. इतरांनी मारलेले विकतो. ज्ञानाचा गर्व झालेल्या कौशिक ब्राह्मणाला तो सांगतो, की नांगराच्या फाळाखालीही असंख्य जीव मरतात. हिंसेपासून सर्वस्वी मुक्त असा कोणी नाही. हे ऐकून पुष्कळ लोक सुटकेचा श्वास टाकतात : सर्वच हिंसक, तर मग कोणीच दोषी नाही! पण व्याधाचा भर तिथे नाही. आपल्या वाट्याला आलेल्या हिंसेचे त्याला भान आहे, आणि तीत तो स्वतःच्या हौसेची भर घालीत नाही. मला वाटते, भेद येथे आहे. जगण्यासाठी जी हिंसा घडते ती निमूटपणे, शरमेने आणि शक्य तितकी कमी करीत पत्करावी लागते. हौसेसाठी जी हिंसा करायची ती आधी शोधावी लागते. तिच्यासाठी तिकीट काढावे लागते. मृगया या शब्दाच्या मुळाशी शोधणे हाच अर्थ आहे. ज्याला मरण शोधायला हजारो मैल जावे लागते, त्याला त्या मरणाची गरज नव्हती, हे त्याचे अंतरच सांगते.

आणि तरीही या भेदाने माझी सुटका होत नाही. गरजेच्या हिंसेत तयारीची जी माया नाही, ती भाच्याच्या हौसेच्या हिंसेत आहे. आदर्श असा, की ज्याला मारणे भाग आहे त्या शेतकऱ्याजवळ त्या मुलाची काळजी असावी, आणि ज्याच्याजवळ एवढी काळजी आहे त्या मुलाला मारण्याची गरज वाटू नये. जगात बहुधा याच्या उलट घडते. म्हणून तयारीला मी आता असा अर्थ देतो : तयारीने अधिकार मिळत नाही, तयारीने फक्त जबाबदारी कबूल होते. अधिकार आहे की नाही, हे तयारी सुरू होण्यापूर्वी, हात मोकळे असतानाच विचारावे लागते. रायफल खांद्याला लागल्यावर तो प्रश्न विचारायला कोणीच थांबत नाही. पंडूही थांबला नाही.

निघण्याच्या दिवशी भाच्याने पट्टा पुन्हा मागितला. मी रात्रभर विचार केला होता. न देणे सोपे होते. पण त्याने माझे हात स्वच्छ झाले असते असे नाही. ज्या हातांनी पूर्ण कागदांवर सह्या केल्या आणि विजेच्या तारांकडे पाहून न पाहिल्यासारखे केले, त्या हातांनी एक जुना पट्टा अडवून ठेवून पावित्र्य मिरवायचे, हे मला जमले नाही. मी तो दिला. देताना एवढेच सांगितले, की हा पट्टा बारा बोअरच्या काडतुसांचा आहे; तुझी काडतुसे बारीक, या घरांत ती सैल बसतील, गळून पडतील.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी तो रिकामाच बांधणार आहे."

त्यावर मी म्हटले, "मग जखमी जनावर टाकून परतायचे नाही, हा पणजोबांचा नियम त्याच्याबरोबर ने. आणि तो नियम पाळूनही ते जनावर सापडले नाही तर काय होते, तेही ने."

त्याने वाकून नमस्कार केला. बहीण दारात उभी होती. तिने पट्ट्याकडे पाहिले आणि काही न बोलता त्याच्या हातावर दही घातले. जून अजून यायचा आहे. माजघरातली खुंटी रिकामी आहे, आणि भिंतीवर पट्ट्याच्या आकाराचा एक फिकट डाग उरला आहे.